जड कॅरॅव्हॅन आणि लांबचा रस्ता: मेलबर्नहून उलुरूला निघण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राहायला मेलबर्न, सात सीटची डिझेल फोर-व्हील-ड्राइव्ह, आणि नुकतीच घेतलेली १९ फुटी, चार चाकांची सेकंडहँड कॅरॅव्हॅन. आई-बाबा पुण्याहून जूनमध्ये येणार, मुलगी नऊ वर्षांची. तीन आठवड्यांत अ‍ॅडलेड, उलुरू (वाळवंटातली ती प्रचंड शिळा), डार्विन करून परत यायचं, शक्य तिथे फुकटच्या जागी मुक्काम करायचा, आणि साप, मगरी, डिंगो (इथले रानकुत्रे) यांचं काय करायचं ते कळत नाही.

माझा पेशा कॅरॅव्हॅन दुरुस्तीचा. अ‍ॅडलेडच्या उत्तरेला काम करतो, त्यामुळे दर हिवाळ्यात उत्तरेकडे निघालेल्या आणि तिकडून परतलेल्या व्हॅन डोळ्यांखालून जातात. शिवाय स्वतःची व्हॅन घेऊन आम्हीही जातो. साप चावलेलं गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही. तुटलेली स्प्रिंग, तापून चिकटलेलं बेअरिंग, चिरफळलेला टायर घेऊन येणारे मात्र पुष्कळ. खोदून विचारलं की कारण बहुतेकदा दोनांपैकी एक निघतं: सामान जास्त भरलं होतं, नाहीतर घाई होती. तुमच्या बेतात मला दोन्ही दिसतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधी डार्विनवर काट मारा. मेलबर्न ते अ‍ॅडलेड ७३० किलोमीटर, तिथून पोर्ट ऑगस्टा ३१०, पुढे कूबर पीडी ५४०, तिथून एर्लडुंडा ४९० आणि तिथे डावीकडे वळून उलुरूजवळचं युलारा २४५. म्हणजे नुसतं उलुरू गाठायलाच एका बाजूने सव्वादोन हजारांच्या वर. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज ते डार्विन आणखी १५०० किलोमीटर, आणि तेवढेच परत. व्हॅन ओढत दिवसाला ३०० ते ३५० किलोमीटर हा माणसासारखा प्रवास. ५०० किलोमीटर ओढता येतात, पण मग संध्याकाळी पाय लटपटतात, पोर रडकुंडीला येतं आणि आईला आपण कुठल्या गावात आहोत हेही सांगता येत नाही. तीन आठवड्यांत उलुरू, वाटेत किंग्ज कॅन्यन आणि जमलं तर अ‍ॅलिस, एवढंच धरा. डार्विनला कधीतरी विमानाने जा.

आता वजन. हे जरा सविस्तर सांगतो, कारण कॅरॅव्हॅन विकणारे हे नीट सांगत नाहीत आणि विकत घेणारे विचारत नाहीत.

तुमच्या व्हॅनच्या फलकावर टेअर १९५० किलो आणि एटीएम २४०० किलो आहे. टेअर म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हाचं रिकामं वजन. एटीएम म्हणजे सगळं भरून तिचं कायद्याने जास्तीत जास्त वजन. मधले ४५० किलो तुमचे. खूप वाटतात ना? पाण्याच्या दोन टाक्या, प्रत्येकी ९५ लिटर, भरल्या की १९० किलो गेले. गॅसचे ९ किलोवाले दोन सिलिंडर भरलेले धरून जवळपास ४०. आधीच्या मालकाने जास्तीची बॅटरी, सोलर पॅनेल, मागच्या बंपरवर सायकल स्टँड असं काय काय बसवलं असेल ते टेअरमध्ये नसतं. ते सगळं मिळून ६०-७० किलो सहज भरतं. उरले दीडशे. त्यात पाच जणांची अंथरुणं-पांघरुणं, भांडी, कपडे, खुर्च्या, आणि आईने आणलेला पुण्याचा फराळ.

गाडीची गोष्ट याहून अवघड. तिचं रिकामं वजन २३०० आणि जीव्हीएम, म्हणजे सगळं भरून गाडीचं जास्तीत जास्त वजन, ३००० असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे ७०० किलोची मुभा. चार मोठी माणसं आणि एक लहान मिळून ३१०. पुढचा बुलबार ६०. टोबार ३०. आणि बहुतेक जण जे विसरतात ते: व्हॅनचा जो भार टोबॉलवर, म्हणजे व्हॅन अडकवायच्या गोळ्यावर, येतो तो गाडीच्या वजनात धरायचा. हा भार व्हॅनच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवा, म्हणजे तुमच्या बाबतीत २४० किलो. बेरीज ६४० झाली. उरलेल्या ६० किलोत गाडीतला फ्रिज, हत्यारांची पेटी आणि पाच जणांच्या हातातल्या पिशव्या. वरचं कॅरिअर आणि त्यावर तंबू असा विचार असेल तर तो इथेच थांबला. आपली गाडी ३००० किंवा ३५०० किलो ओढू शकते ही जाहिरातीतली ओळ खरी असते, पण गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असताना तेवढं ओढता येईलच असं ती सांगत नाही. गाडी आणि व्हॅन मिळून किती, याचीही एक मर्यादा असते. ती जीसीएम. तीही पुस्तकात बघून ठेवा.

हे आकडे वहीत मांडून भागत नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी सगळं भरून, सगळ्यांना बसवून सार्वजनिक वजनकाट्यावर जा. आधी गाडी आणि व्हॅन जोडलेल्या अवस्थेत, मग व्हॅन सोडवून दोन्ही वेगवेगळं वजन करा. टोबॉलचा भार मोजायचा छोटा काटा दुकानात मिळतो. जास्त भरलं तर दंड होतोच, पण त्याहून वाईट म्हणजे अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच आकडे मागते.

वजन किती याइतकंच ते कुठे, हेही महत्त्वाचं. आपल्याकडे बैलगाडी मागे जास्त भरली की उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांचा ताबा सुटतो. कॅरॅव्हॅनचं अगदी तसंच आहे, फरक एवढाच की इथे वेग नव्वदचा असतो. जड वस्तू चाकांच्या वर आणि जमिनीलगत ठेवा. मागच्या बंपरवर सायकली, जेरीकॅन, दोन स्पेअर चाकं असं लटकवलं की शेपूट हलायला लागते. वाऱ्याचा एक झोत आला किंवा बाजूने मोठा ट्रक गेला की व्हॅन डावी-उजवी झुलू लागते आणि प्रत्येक झोक्याला वाढत जाते. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून हळूच काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि डॅशबोर्डवरच्या ब्रेक कंट्रोलरने फक्त व्हॅनचे ब्रेक हाताने लावायचे. ते बटण कुठे आहे हे चालवणाऱ्या दोघांनाही न बघता सापडलं पाहिजे. रिकाम्या रस्त्यावर सरळ जात असताना चार-पाच वेळा दाबून बघा.

पाण्याच्या टाक्यांबाबत एक गोष्ट. वजन कमी करायचं तर एक पूर्ण भरा आणि दुसरी पूर्ण रिकामी ठेवा. दोन्ही अर्ध्या ठेवल्या की पाणी हिंदकळतं. कुठली भरायची ते टोबॉलच्या काट्यावर ठरवा. चाकांच्या पुढची टाकी भरली की पुढचा भार वाढतो, मागची भरली की कमी होतो.

या सगळ्या हिशोबातून माझा सरळ सल्ला निघतो: आई-बाबांना मेलबर्नहून व्हॅनबरोबर नेऊ नका. तुम्ही तिघं आधी निघा, आणि त्यांना विमानाने थेट युलाराला बोलवा. तिथे विमानतळ आहे आणि मेलबर्नहून विमान मिळतं. त्यांचे पहिले आठ दिवसांचे गाडीतले हाल वाचतात, तुमचे दीडशे-पावणेदोनशे किलो वाचतात, आणि १९ फुटांत पाच जणांनी झोपायचं कसं हा प्रश्नही निम्मा सुटतो. युलारा ते किंग्ज कॅन्यन ते अ‍ॅलिस एवढा टप्पा त्यांना बरोबर घ्या. तिथे वस्ती आहे, पाणी आहे, म्हणून टाक्या जवळजवळ रिकाम्या ठेवून चालतं. रात्री त्यांच्यासाठी कॅरॅव्हॅन पार्कमधली केबिन घ्या, सत्तरीच्या माणसाला रात्री दोनदा उठायचं असतं आणि जूनची रात्र फार गार असते. अ‍ॅलिसहून त्यांना विमानात बसवा आणि तुम्ही परतीला लागा. बाबांना वाळवंटातला रस्ता बघायचाच असेल तर एवढ्या टप्प्यातही तो पोटभर दिसतो.

व्हॅन सेकंडहँड आहे म्हणून टायर आजच बघा. नुसती नक्षी बघू नका. कॅरॅव्हॅन वर्षातले अकरा महिने अंगणात उभी असते, त्यामुळे नक्षी नव्यासारखी आणि रबर म्हातारं, असं नेहमी दिसतं. टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांनंतर ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१७ असेल तर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. हे आकडे कधी कधी आतल्या बाजूला असतात. टॉर्च घेऊन व्हॅनखाली झोपायची तयारी ठेवा. सहा-सात वर्षांहून जुने टायर या प्रवासाला मी जाऊ देत नाही, मग ते कितीही छान दिसोत. स्पेअरही तितकाच जुना असतो हे ध्यानात ठेवा. मग बेअरिंग. उघडून, धुऊन, नवं ग्रीस भरून घ्या आणि एक जास्तीचा संच बरोबर ठेवा. चाकांचे नट निघाल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा आवळा. रस्त्यात प्रत्येक थांब्याला चहाआधी एक फेरी मारा आणि तळहात चाकाच्या मध्यभागी लावून बघा. चारही कोमट असतील तर ठीक. एकच हात लावू देत नसेल तर तिथे बेअरिंग किंवा ब्रेक अडकलाय. पुढे जायचं नाही. दोन हजार किलोवरच्या व्हॅनला, ती गाडीपासून सुटली तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा सक्तीची आहे. तिची छोटी बॅटरी जुन्या व्हॅनमध्ये बहुतेक वेळा मेलेली सापडते. तीही तपासून घ्या.

रस्त्याचं म्हणाल तर पोर्ट ऑगस्टापासून उलुरूपर्यंत पूर्ण डांबरी आहे. स्टुअर्ट हायवे एक-एक लेनचा, मध्ये दुभाजक नाही. नॉर्दर्न टेरिटरीत काही भागांत १३० ची मर्यादा आहे, ती तुमच्यासाठी नाही. तुम्ही ९० धरा. नव्वदला १०० किलोमीटरला १६-१८ लिटर डिझेल जाईल, शंभराच्या वर गेलात किंवा समोरून वारा लागला तर २२ सुद्धा. ८० लिटरच्या टाकीवर म्हणजे चांगल्या दिवशी साडेचारशे किलोमीटर, वाऱ्याच्या दिवशी साडेतीनशे. ग्लेंडॅम्बो ते कूबर पीडी या २५० किलोमीटरमध्ये पंप नाही, म्हणून नियम साधा: टाकी अर्ध्यावर आली की मिळेल त्या रोडहाउसला (हायवेवरचा पंप आणि खाणावळ) भरा, भाव न बघता. तिथला भाव बघून पुढे जाणारा माणूस पुढे भर उन्हात जेरीकॅन ओतताना दिसतो.

रोड ट्रेन म्हणजे तीन-तीन ट्रेलर ओढणारे ट्रक, साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांब. ते तुमच्यापेक्षा वेगात असतात, त्यामुळे तुम्हाला त्यांना मागे टाकायची वेळ क्वचितच येईल, तेच तुम्हाला ओलांडून जातील. गाडीत यूएचएफ रेडिओ बसवा आणि चॅनल ४० वर ठेवा. ट्रकवाले तिथेच बोलतात. (कॅरॅव्हॅनवाल्यांच्या आपसातल्या गप्पा १८ वर. ५ आणि ३५ आणीबाणीसाठी, त्यांना हात लावू नका.) व्हॅनच्या पाठीवर ‘यूएचएफ ४०’ अशी ठळक अक्षरं चिकटवली की मागचा ट्रकवाला स्वतः हाक मारतो. समोरचा रस्ता मोकळा दिसला की त्याला तसं सांगा. तो बाजूला निघाला की तुम्ही आपली लेन आणि आपला वेग सोडू नका. अचानक कडेच्या मातीत उतरणं सगळ्यात घातक. तो शेजारी आला की थोडा पाय सैल करा, शेवटचा ट्रेलर पुढे गेला की दिवे एकदा लावून विझवा. तो इंडिकेटर दोनदा लुकलुकवून आभार मानतो. समोरून येणारे कॅरॅव्हॅनवाले स्टिअरिंगवरून एक बोट उचलतात, तुम्हीही उचला. मुलीला ते मोजायचं काम द्या, शंभरेक किलोमीटर शांततेत जातात.

अंधारात गाडी चालवायची नाही. यात अपवाद नाही. कांगारू पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात, गुरांच्या अवाढव्य कुरणांना (इथे त्यांना स्टेशन म्हणतात) कुंपण नसतं, आणि काळी गाय काळ्या रात्री पन्नास मीटरवर आल्याशिवाय दिसत नाही. जूनमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सूर्योदयानंतर तासाभराने निघा, चारला मुक्कामाला टेका. दिवसा मेलेल्या कांगारूवर गरुड बसलेला दिसला तर लांबूनच वेग कमी करून हॉर्न वाजवा. पोट भरलेला वेज-टेल्ड गरुड जड असतो, पंख पसरले की दोन मीटरच्या वर जातो, आणि उडताना नेमका काचेवर येतो.

मुक्कामाबद्दल. फुकटच्या जागी राहायचा तुमचा बेत चांगला आहे, पण रोज नको. दोन रात्री बाहेर, तिसरी पार्कात, हे चक्र कुटुंबाला झेपतं. पिंबाच्या थोडं पुढे लेक हार्टचा थांबा आहे. समोर पांढराशुभ्र मिठाचा तलाव, मध्ये रेल्वेचा रूळ, आणि संध्याकाळ झाली की सगळे खुर्च्या मांडून बसतात. तो परिसर वूमेराच्या क्षेपणास्त्र चाचणीच्या राखीव भागात येतो, त्यामुळे हायवे आणि नेमून दिलेल्या जागा सोडून आत कुठेही घुसू नका. बाकी जागा अ‍ॅपवर सापडतात. तिथे लोकांचे शेरे वाचा, पण ‘अप्रतिम’ या शब्दावर जाऊ नका. व्हॅन वळवायला जागा आहे का आणि पावसात माती चिकट होते का, एवढंच शोधा. मोठ्या शहरात, विशेषतः अ‍ॅलिसमध्ये, रस्त्याकडेला मुक्काम नको. कुंपण असलेला पार्क घ्या.

पाण्याचा हिशोब दोन वेगवेगळ्या खात्यांत ठेवा. पिण्याचं वेगळं, वापरायचं वेगळं. दर माणशी दिवसाला दहा लिटर आणि वर दोन दिवसांचा साठा, असं धरून चाला. त्यातलं पिण्याचं पाणी टाकीत न ठेवता दहा-दहा लिटरच्या कॅनमध्ये ठेवा, म्हणजे टाकी फुटली तरी जीव वाचतो. टाकी खालून दगडाने फुटते, हे आमच्याकडे नेहमीचं काम. पोर्ट ऑगस्टाला सगळं भरून घ्या. पुढे रोडहाउसचं पाणी बोअरचं, खारट, काही ठिकाणी पिण्यालायक नाही अशी पाटी असलेलं. कूबर पीडीत खारं पाणी शुद्ध करून पुरवतात आणि नाणी टाकून नळावर विकत घेता येतं. सुट्टी नाणी जवळ ठेवा.

आता जे कोणी विचारत नाही ते. व्हॅनच्या संडासची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी मैल्याची टाकी, साधारण १८ लिटरची असते. इथले लोक कागद वापरतात, आपण पाणी. तुम्हा तिघांत ती दोन दिवसांत भरेल, पाच जणांत दीड दिवसातच. म्हणून डम्प पॉइंट (ती रिकामी करायच्या नेमून दिलेल्या जागा) कुठे-कुठे आहेत ते आधी नकाशावर खुणावून ठेवा, आणि पार्कात किंवा रोडहाउसवर असाल तेव्हा त्यांचाच संडास वापरायचा अशी घरात शिस्त लावा. टमरेलाऐवजी पिळायची छोटी बाटली ठेवली की पाणी निम्म्याने वाचतं. कॅसेट झुडपामागे रिकामी करणं हा गुन्हा आहे, आणि असल्या लोकांमुळेच दरवर्षी एखादी चांगली जागा बंद होते.

थंडीला कमी लेखू नका. आउटबॅक म्हणजे रखरखीत ऊन हे चित्र डिसेंबर-जानेवारीचं. तेव्हा पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि कॅरॅव्हॅन घेऊन जाऊच नये. जून-जुलैत दिवस वीस अंशांचा, पण अ‍ॅलिसला रात्री पारा शून्याखाली जाणं नेहमीचंच. सकाळी बाहेरच्या पाइपातलं पाणी गोठलेलं असतं. रात्रीच पातेलंभर पाणी आत भरून ठेवा, नाहीतर चहा आठपर्यंत नाही. ऊब यावी म्हणून व्हॅनमध्ये गॅसची शेगडी पेटवून झोपायचं नाही, काहीही झालं तरी. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. डिझेल हीटर असेल तर उत्तम, नसेल तर दोन-दोन रजया आणि लोकरीचे मोजे.

स्वयंपाक शक्यतो बाहेर, ऑनिंगखाली (व्हॅनच्या बाजूला उघडायचं कापडी छत). आत फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतो आणि पुढचे तीन दिवस उशा हिंगाच्या वासाच्या. तीन लिटरचा प्रेशर कुकर न्याच, गॅस आणि पाणी दोन्ही वाचवतो. रात्री आणि व्हॅन सोडून जाताना ऑनिंग गुंडाळून ठेवा. वाळवंटात दुपारी मातीची वावटळ कुठूनही उठते, आणि ऑनिंग छपरावरून पलीकडे पडलेली व्हॅन ओढून आणणं फार लाजिरवाणं दिसतं.

कूबर पीडीला एक दिवस जास्त द्या. १९१५ मध्ये ओपल सापडल्यावर वसलेलं गाव. उन्हाळ्यापासून वाचायला बरीच वस्ती डोंगर कोरून आत राहते, आणि आत बारा महिने पंचवीसच्या आसपास तापमान. गावाबाहेर खाणींची हजारो उघडी विवरं आहेत, फोटो काढताना मागे-मागे चालू नका म्हणून पाट्या लावल्यात, आणि त्या गमतीसाठी नाहीत. मुलीचा हात धरून ठेवा. उलुरूला राष्ट्रीय उद्यानात मुक्कामाला परवानगी नाही; व्हॅन युलाराच्या कॅम्पग्राउंडला लावायची आणि फक्त गाडी घेऊन आत जायचं. मोठ्यांना तीन दिवसांचा पास लागतो, मुलांना नाही. शिळेवर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे. तिथल्या अनंगू लोकांची ती पवित्र जागा आहे आणि तसंच व्हायला हवं होतं. पायथ्याची प्रदक्षिणा साधारण दहा किलोमीटरची, सपाट. आई-बाबांना निम्मी सहज जमेल. काही ठिकाणी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, त्या पाळा.

बाबांना इतिहासाची आवड आहे असं लिहिलंत म्हणून एक आडवाट. या रस्त्यांवर डांबर यायच्या कितीतरी आधी मालवाहतूक उंटांवर चालायची, आणि ते उंट आणि उंटवाले आले आपल्याकडून. १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी कराचीहून उंट आणले गेले, आणि त्याच दशकात कराचीहूनच शंभरावर उंट पोर्ट ऑगस्टाला उतरले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. बलुच, पठाण, सिंधी, पंजाबी असे सगळे उंटवाले इथे सरसकट ‘अफगाण’ झाले, आणि अ‍ॅडलेडहून जाणाऱ्या ‘घान’ रेल्वेचं नाव त्यांच्यावरून पडलं. मोटारी आल्यावर सोडून दिलेल्या उंटांची पिलावळ आज रानोमाळ फिरते. एर्लडुंडा ते युलारा रस्त्यावर तीही आडवी येते.

कच्च्या रस्त्यांचा मोह होईल. मार्ला ते मरी हा ऊडनाडाटा ट्रॅक जुन्या रेल्वेमार्गाच्या कडेने जातो, ६०० किलोमीटरच्या वर, फार सुंदर. तुमच्या व्हॅनने नको. साध्या व्हॅनची कपाटं, खिळे, गॅसच्या नळ्या त्या खडखडाटात सुटतात, धूळ बंद कपाटातल्या पिठाच्या डब्यात जाते. किंग्ज कॅन्यनहून हर्मन्सबर्गमार्गे अ‍ॅलिसला जाणारी मेरीनी लूपही कच्ची आहे आणि तिला परवाना लागतो. तुम्ही आल्या वाटेने एर्लडुंडाला या आणि डांबरावरून अ‍ॅलिसला जा. पाऊस झाला की कच्चे रस्ते बंद होतात, आणि बंद रस्त्यावर शिरलात तर दंड भारी असतो.

फोन टेल्स्ट्राचाच घ्या, बाकीच्यांचं जाळं हायवेवर फार विरळ. तरीही दोन गावांमध्ये तासन्‌तास रेंज नसते. त्यामुळे एक पीएलबी विकत किंवा भाड्याने घ्या. दाबलं की उपग्रहामार्फत शोधपथकाला तुमची जागा कळते. विकत घेतलात तर नोंदणी फुकट होते, ती विसरू नका. गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबायचं, कोणीही मदत आणायला चालत जायचं नाही. विमानातून व्हॅन दिसते, माणूस दिसत नाही. आजारपण आलंच तर १९२८ पासून चालू असलेली फ्लाइंग डॉक्टरची सेवा आहे. आई-बाबांची औषधं दुप्पट दिवसांची आणि दोन वेगळ्या पिशव्यांत घ्या, चिठ्ठ्या इंग्रजीत घ्या, आणि त्यांच्या व्हिजिटर विम्यात विमानाने हलवण्याचा खर्च धरलाय का ते निघण्याआधी विचारा.

आता तुमचे प्राणी. मगरी उत्तरेच्या टोकाला, डार्विन-कॅथरीनकडे. तुमच्या वाटेवर नाहीत. साप जूनच्या थंडीत बहुतेक बिळात असतात. रात्री बाहेर पडताना बूट आणि टॉर्च एवढं पुरे. डिंगो येतात ते खाण्याच्या वासाने. खाणं आणि चपला बाहेर ठेवू नका, मुलीला एकटं लांब सोडू नका, त्यांना कधी काही टाकू नका. माश्या हा खरा त्रास. दिवस उबदार झाला की डोळ्यांत, नाकात जातात. टोपीवर घालायची जाळी मेलबर्नलाच घेऊन ठेवा, युलाराला ती दुप्पट भावाने मिळते.

बुकिंग आत्ताच करा. युलारा आणि किंग्ज कॅन्यनची वीज असलेली जागा जून-जुलैत आयत्या वेळी मिळत नाही, आणि जूनच्या लाँग वीकएंडला फिंक डेझर्ट रेसमुळे अख्खं अ‍ॅलिस भरलेलं असतं. तारखा त्याच्या पुढे ढकला.

शेवटी किराणा. व्हिक्टोरियातून साउथ ऑस्ट्रेलियात शिरताना फळमाशीमुळे ताजी फळं चालत नाहीत, आणि टोमॅटो, वांगी, ढोबळी मिरची, हिरवी मिरचीही त्या यादीत येतात. सापडलं तर दंड. त्यामुळे मेलबर्नहून डाळ, तांदूळ, पिठं, मसाले, कांदे-बटाटे भरा आणि हद्दीच्या आधी बाकीचं संपवा. टोमॅटोची चटणी किंवा ठेचा घरी शिजवून नेलात तर हरकत नाही. ताजी भाजी अ‍ॅडलेडला किंवा पोर्ट ऑगस्टाला घ्या, आठवड्याची एकदम. पुढे कूबर पीडीत दुकान आहे, पण ट्रक कधी येतो त्यावर मेथी सोडाच, कोबी मिळेल की नाही ते ठरतं.